रविवारचा रकाना

आमच्या समोरच्या चर्चची घंटा रणभिसेकाका वाजवतात. पहिली साडेआठला, दुसरी नऊला पाच कमी असताना. तुमचं घड्याळ आणि काकांची घंटा यांत फरक पडला तर घड्याळ दुरुस्तीला टाकावं, असं शरणपुरातले लोक म्हणतात. म्हणजे मी म्हणते, आणि माझं ऐकून लोक म्हणतात.

शमुवेल रणभिसे. वय अडुसष्ट. सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टाइमकीपर होते. गेटवर बसायचं, कोण किती मिनिटं उशिरा आला ते लाल पेनाने लिहायचं, आणि साऱ्या कारखान्याच्या शिव्या खायच्या. अशा माणसाशी संसार करून रूथकाकू अजून हसतात कशा, हे मला कोडंच आहे. "अगं उज्वला, लग्नाच्या दिवशी मी चर्चच्या दारात सहा मिनिटं उशिरा पोचले," काकू सांगतात, "अजून लग्नाच्या दर वाढदिवसाला काढतात."

स्वतःची हजेरीही त्यांनी तितकीच कडक ठेवलेली. त्रेचाळीस वर्षांत रविवारची एक उपासना चुकवली नाही. मुतखड्याने दवाखान्यात होते तेव्हा डॉक्टरांकडून दोन तासांची सुटी मागून आले, घंटा वाजवली, उपासना केली आणि परत जाऊन कण्हत पडले. मी तेव्हा म्हटलं होतं, "काका, देवाने काय मस्टर ठेवलंय का?" तर म्हणाले, "वहिनी, ठेवलं असेल तर?"

या माणसाची आणखी एक खोड आहे, आणि तिच्यापायी चर्चची सगळी मंडळी त्यांना वचकून असते. उपासनेत विनंत्यांची वेळ येते. कोणी उठून सांगतं, अमक्याला बरं नाही, तमक्याची परीक्षा आहे, प्रार्थना करा. स्पीकरमुळे मला हे सगळं स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता ऐकू येतं, त्यामुळे शरणपुरात कोणाच्या घरी काय दुखतंय ते मला पाळकसाहेबांच्या बरोबरीने कळतं. तर विनंती झाली की मागच्या बाकावरून काकांचा आवाज येतो. "प्रार्थना तर करूच. पण मंगळवारी डबा कोण देणार?" मग सगळं चर्च चिडीचूप. आणि काका नावं घ्यायला लागतात. विचारत नाहीत, सरळ नेमतात.

आमच्या ह्यांना डेंगी झाला तेव्हा मी त्यांच्या चर्चची नसूनही अशीच विनंती झाली. मंगळवारी आमच्या दारात अकरा डबे आले. अकराही डब्यांत मऊ खिचडी. बुधवारी एकही नाही. आम्ही तीच खिचडी शुक्रवारपर्यंत नाना रूपांत खाल्ली, शेवटी तिचं थालीपीठ केलं. काकांना हे कळल्यावर त्यांना झोप लागेना. त्या दिवसापासून चर्चच्या फळ्यावर तक्ता लागायला लागला. वार, वेळ, नाव, काम. आखीव रकाने, पट्टीने मारलेल्या रेघा. मदत आता शिफ्टमध्ये येऊ लागली.

आणि मग जानेवारीत कुसाबाई पडली.

कुसाबाई आमच्या कोपऱ्यावरची पालेभाजीवाली. विजेच्या डीपीशेजारी बावीस वर्षं एकाच गोणपाटावर बसलेली. मूळची दिंडोरीकडची. नवरा कधीच गेला, लेक इगतपुरीला दिलेली, इथे माझ्या घरामागच्या खोलीत एकटी राहते. एका सकाळी मागून येणाऱ्या स्कूटरचा धक्का लागला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने जमिनीवर बसायचं नाही.

सरकारी दवाखान्यात मी आणि काका भेटायला गेलो तर बाई पायाबद्दल एक अक्षर बोलेना. "माझी जागा गेली," एवढंच. "साहेब, लाइनीत शंभर जणांचा डोळा हाय त्या जागेवर. जागा गेली की मी गेली. या वयात मला दुसरीकडं कोण बसू देणार? लेकीच्या दारात जाऊन भाकरी मागू का आता?"

काका म्हणाले, "जागा जाणार नाही."

"कशी जाणार नाय?"

"मी सांगतो म्हणून."

मला हसू आलं. मी काकांना बाहेर आल्यावर म्हटलंही, "आता मेथी विकणार की काय तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खिशातून पेन काढलं.

पुढच्या सोमवारी आमच्या कोपऱ्याने जे पाहिलं ते नाशकात कोणी पाहिलं नसेल. दिंडोरीचा कारभारी नावाचा शेतकरी नेहमीप्रमाणे मोटरसायकलवर मेथी-कोथिंबिरीचे गठ्ठे घेऊन सव्वासहाला आला, तर गोणपाटावर स्वेटर आणि माकडटोपी घालून रणभिसेकाका. "कुसाबाय कुठंय?" कारभारीने विचारलं. "रजेवर," काका म्हणाले.

मग रोज नवीन माणूस. मंगळवारी पाळकीणबाई. त्यांना खोटं बोलता येत नाही ही धंद्यातली केवढी अडचण. गिऱ्हाईक जुडी उचलायचं की त्या सांगायच्या, "ही नको घेऊ बाळा, कालची आहे. आत पिवळी पडलीय." बुधवारी गायनमंडळाच्या बाई. त्यांनी "मेथीऽऽ घ्या मेथीऽऽ" अशी हाळी सुरात दिली, तिसऱ्या हाळीला शेजारचा लिंबूवाला खालच्या पट्टीत साथ द्यायला लागला. गुरुवारी गणिताचे निवृत्त मास्तर. ते कोथिंबीर मोफत देतात ही बातमी तासाभरात गंगापूर रोडपर्यंत गेली आणि लोक गाड्या काढून आले. कुसाबाईला हे कळलं तेव्हा ती पलंगावर उठून बसायला निघाली. "फुकट? अवो, फुकट द्यायला मी काय सत्यनारायण घातलाय?"

गल्लीत कुजबुजही झाली. तशी ती होणारच, आणि मी तिथे हजर असणारच. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या एकीने डोळे बारीक करून म्हटलं, "हे सगळं उगाच नाही हो करत. म्हातारीला बाटवणार बघा." मी ते ताबडतोब कुसाबाईच्या कानावर घातलं, कारण अशी गोष्ट पोटात ठेवली की मला ॲसिडिटी होते. कुसाबाई म्हणाली, "मला? महिनाभर कोथिंबिरीच्या जुड्या ते बांधून ऱ्हायले. बाटले तर ते बाटले."

तक्ता मी चर्चच्या फळ्यावर बघून आले होते. सुंदर तक्ता. सोमवार ते शनिवार, सकाळ-संध्याकाळ, बारा नावं. आणि शेवटचा रकाना, रविवार. त्यात लाल पेनाने लिहिलेलं: सुटी.

मला तिथेच खुदकन हसू आलं. एकतीस वर्षं ज्याने पाळ्या लावल्या, त्याने भाजीच्या धंद्याला रविवारची सुटी दिली! बारा माणसांतल्या एकालाही ते खटकलं नाही. खटकणार कसं, रविवारी कामाला हात लावायचा नाही हे त्यांच्या हाडांत बसलेलं. रविवार त्यांना दिसतच नव्हता.

सांगायला हवं होतं मी. पहिल्या रविवारी खिडकीतून बघितलं, गोणपाट गुंडाळून डीपीला टेकवलेलं, जागा रिकामी. मनात म्हटलं, बघू, कधी लक्षात येतंय. दुसऱ्या रविवारीही तेच. मजा बघत राहिले. त्या मजेची किंमत कुणाला पडणार आहे याचा मी विचार केला नाही, हे लिहायला हवं म्हणून लिहिते.

तिसऱ्या रविवारी त्या जागेवर एक बाई बसली होती. समोर स्ट्रॉबेरीच्या टोपल्या.

सोमवारी सव्वासहाला काका पोचले, तर ती बाई आधीच जागेवर. मी दूध आणायच्या निमित्ताने खाली उतरले. दूध घरात होतं.

"बाई, ही जागा कुसाबाईंची आहे," काका म्हणाले.

"कोण कुसाबाय?" बाईने वर बघितलं. भागुबाई तिचं नाव. सुरगाण्याकडची, हंगामापुरती पेठ रोडला बहिणीकडे राहिलेली. गावाकडून पहाटेच्या जीपने तिचा माल येतो. "मी दोन आयतवार इथनं गेले, मोकळी जागा. तिसऱ्याला बसले. कुणाची नाय म्हणून बसले."

लाइनीच्या तोंडाशी लताबाई बसते, फुलांचे हार करते. लाइनीतला शब्द तिचा. काकांनी तिच्याकडे बघितलं. ती सुईतून दोरा ओढत म्हणाली, "काका, मधल्या वारी कुणी आजारी पडतं, कुणाच्यात लगीन असतं. ते आम्ही धरत नाय. पण आयतवारी जो बसत नाय, त्याला धंदाच करायचा नाय. तीन आयतवार जागेचा माणूस आला नाय की जागा सुटली. पयल्यापासनं नियम हाय. तुम्ही सा दिवस बसले, मला वाटलं कुसाबायनं आयतवार मुद्दाम सोडला."

काकांनी खिशातून तक्त्याची घडी काढली. उघडली. रविवारच्या रकान्यावर बोट ठेवलं. मग घडी परत खिशात घातली. मी "दूध आणते" म्हणून तिथून निघाले. पहिल्यांदा मला तिथे उभं राहवलं नाही.

कुसाबाई तेव्हा घरी आली होती. काका तिच्या खोलीत गेले आणि दारातच उभे राहून सांगून टाकलं. "चूक माझी, रविवार मी मोकळा सोडला." भिंतीला भिंत आमची, पुढचं सगळं मला नीट ऐकू आलं.

"आयतवार?" कुसाबाई ओरडली. "सगळा आठवडा एकीकडं आन आयतवार एकीकडं! अख्खं शरणपूर आयतवारी मटण शिजवतं. मटणाला कोथिंबीर लागत नाय का? अवो, उपासनेवरनं सुटले की पयले तुमचेच लोक येत्यात माझ्याकडं! हे तीन आयतवार कुठनं आणली कोथिंबीर?"

काका म्हणाले, "शनिवारचीच वापरली."

"लाल पेनवाले!" कुसाबाई म्हणाली. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "गेली का मग जागा?"

"नाही. लताबाईंशी बोललो. भागुबाईंचा एकच रविवार झालाय. एका रविवारात जागा होत नाही. इथून पुढे सलग तीन रविवार तुमचा माणूस आधी येऊन बसला तर जागा तुमची."

"आन आयतवारी कोण बसणार? तुमचं सगळं गाव तर देवापुढं."

काकांच्या चपला वाजल्या, थेट चर्चच्या दिशेने.

शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये पंचांची बैठक झाली. आतल्या बातमीसाठी मी रूथकाकूंना आल्याच्या वड्या नेऊन दिल्या. काकूंनी सांगितलं, कोणी म्हणालं एखादा माणूस रोजाने ठेवू. कोणी म्हणालं उपासना लवकर घेऊ. गणिताचे मास्तर म्हणाले, मी जातो. सगळ्यांचं बोलून झाल्यावर काका म्हणाले, "रकाना मी मोकळा सोडला. मी भरतो." पाळकसाहेबांनी विचारलं, "शमुवेलभाऊ, तुमची त्रेचाळीस वर्षं?" तर म्हणाले, "घंटा कोण वाजवणार तेवढं ठरवा."

"रात्रभर कूस बदलत होते," काकू म्हणाल्या. आणि यावेळी हसल्या नाहीत.

त्या रविवारी गारठा असा होता की आमच्या नळाला हात लावला तर बोटं नळालाच राहावीत. काका पाच दहाला जागेवर. भागुबाई पाच पस्तीसला टोपली डोक्यावर घेऊन आली, काकांना बघून थबकली. भांडण होणार म्हणून मी शाल घेऊन खिडकीत.

काका उठले. खिशातून मोजायची टेप काढली. "बाई, जागा सहा फूट आहे. कुसाबाईंच्या गोणपाटाला चार लागतात. दोन उरतात."

"मला दोनच?"

"मोजून बघा."

भागुबाईने टेपकडे बघितलं, काकांच्या माकडटोपीकडे बघितलं आणि टोपली खाली ठेवली. "बसते बाबा. तुमच्यापुढं बोलायचं म्हंजे कोर्टात उभं ऱ्हायल्यासारखं वाटतं." तासाभराने तीच त्यांना शिकवत होती. "अशी न्हाय बांधायची जुडी. गळा आवळताय तिचा. सैल, सैल."

आणि मग साडेआठची घंटा झाली.

आता इथे मला सांगायला हवं की घंटेचं काम त्या दिवशी चर्चच्या तबलजींकडे दिलं होतं. चांगला माणूस. पण हाताला सवय पडलेली. त्यांनी दोरी ओढली आणि घंटा केरव्याच्या ठेक्यात वाजायला लागली. धा गे ना ति. समोरच्या फांद्यांवरचे कावळे उडाले. आमच्या ह्यांनी दाढी करता करता गाल कापून घेतला. "वरात कोणाची गं?" म्हणाले.

दुसरी घंटा नऊला बारा कमी असतानाच झाली, तीही त्याच ठेक्यात. मी खाली बघितलं. काकांनी टोपी काढली होती. मेथीच्या ढिगामागे ते उभे राहिले होते, डोळे मिटून, हात खाली सोडून. समोर एक गिऱ्हाईक जुडी हातात धरून विचारत होतं, "कशी दिली? ओ काका, कशी दिली?" काकांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं, थांबा म्हणून. भागुबाईने गिऱ्हाइकाला कोपराने मागे सारलं. "दोन मिनिटं थांबा की. मेथी पळून चाल्लीय का?"

हे दोन रविवार चाललं. दुसऱ्या रविवारी तर तबलजींनी शेवटी तिहाई घेतली.

सोमवारी मी काकांना गाठलं. "काका, तिसरा रविवार मी बसते."

"तुम्ही? का?"

"का म्हणजे काय. तुमच्या त्या घंटेने माझं डोकं उठलंय. ह्यांचा दुसरा गाल अजून शाबूत आहे, तो तसाच राहू दे. तुम्ही आपल्या जागी जा."

ते माझ्याकडे बघत राहिले. या माणसाची नजर मस्टर तपासल्यासारखी असते. "आणखी काही?"

"आणखी…" मी म्हटलं, "पहिल्या दोन रविवारी जागा मोकळी आहे हे मी खिडकीतून बघितलं होतं. बोलले नाही."

मला वाटलं, आता लाल पेन निघणार. काका म्हणाले, "मीही खिडकीतून बघायला हवं होतं. पाच दहाला यावं लागेल."

लताबाईचा मात्र आक्षेप. "ही कुसाबायचा माणूस? काका, हिनं वीस वर्षं कुसाबायचा भाव पाडलाय! एका जुडीवर दुसरी फुकट नेती." शेवटी कुसाबाईने निरोप धाडला की चालेल, भाव पाडणारीला भाव कळतो. तेव्हा कुठे मला मंजुरी मिळाली.

तिसऱ्या रविवारी मी पाच सतराला पोचले. साडेआठला घंटा झाली. एक. थांबून दुसरी. थांबून तिसरी. सगळी लाइन क्षणभर मान वर करून ऐकत होती. लताबाई हार बाजूला ठेवत म्हणाली, "आता कसं." आणि माझ्या मेथीकडे बघून म्हणाली, "जागा कुसाबायची. झालं." भागुबाईने नुसती मान डोलावली आणि आपले दोन फूट आणखी थोडे आवरून घेतले.

तिचंही पुढे बरं झालं. डीपीच्या पलीकडे कचऱ्याचा ढीग होता, बावीस वर्षांचा असेल. पुढच्या विनंत्यांच्या वेळी मागच्या बाकावरून आवाज आला, "एका बाईला बसायला जागा नाही. प्रार्थना तर करूच. पण फावडी कोण आणणार?" तरुण संघाने एका शनिवारी तो ढीग उपसला आणि तिथे भागुबाईची टोपली बसली. त्यांतल्या दोघांनी मला सांगितलं की त्यांनी हात वर केलाच नव्हता.

तिसऱ्यानंतर चौथा रविवारही माझ्याकडेच आला, मग पाचवा. कोणी विचारलं नाही. तक्त्यात नाव लागलं होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात झावळ्यांचा रविवार आला. त्या दिवशी हातात झावळ्या घेऊन यांची सगळी मंडळी गात रस्त्याने फिरते. मी पाच वाजता खाली उतरले तर जागेवर कुसाबाई. संडे स्कूलचं एक बुटकं बाक होतं, त्याच्यावर बसलेली, काठी डीपीला टेकवून, पुढे जुड्यांची चळत. रात्रीच ते बाक कोणीतरी तिच्या दारात ठेवून गेलं होतं.

"तू जा घरी," ती मला म्हणाली. "तू बसलीस तेवढ्या दिवसांत माझं गिऱ्हाईक लाडावलं. मागतात ते देतीस म्हणं."

"मी? अगं, माझ्याच…"

"जा. मला नाटकं सांगू नको. परत ये साडेआठला, ताजी कोथिंबीर ठेवते. पैसे पुरे द्यायचे."

पावणेनऊच्या सुमारास मिरवणूक कोपऱ्यावर आली. पुढे पाळकसाहेब, मागे गायनमंडळ, तबलजींच्या गळ्यात ढोलकी, आता बिचारे मोकळेपणाने वाजवत होते. झावळ्या हलवता हलवता पाळकीणबाईंनी कुसाबाईला हात केला, मास्तरांनी केला, बारा जणांनी केला. तिने कोणाला हात केला नाही. ती ओरडत होती, "बाजूनं चाला! पायाखाली मेथी हाय! ओ मास्तर, सुटल्यावर या, आज फुकट नाय!"

काका मिरवणुकीत नव्हते. ते घंटेच्या दोरीशी होते.

दुपारी मी त्यांच्याकडे गेले, मटणाचा वास येत होता म्हणून म्हणा हवं तर. काकांनी तक्ता माझ्यापुढे ठेवला. रविवारच्या रकान्यात दोनदा त्यांचं नाव, सातदा माझं, आणि आजच्या तारखेपुढे कुसाबाई. माझ्या पहिल्या नावापुढे लाल पेनाने लिहिलं होतं: उशीर, सात मिनिटं.

"काका!" मी म्हटलं.

"पाच दहा सांगितलं होतं," ते म्हणाले, आणि रूथकाकू आतून मोठ्याने हसल्या.